तळाला रेती की चिखल

कल्याणात पारनाक्यावरून खाडीकडे उतरताना कर्णिकांचं घर लागे, आणि त्या घराच्या दाराला बारा वर्षं कडी लागली नव्हती. चोरांनाही ते ठाऊक होतं म्हणे. पण उघड्या दाराचा मोह पडतो आणि वाट पाहणाऱ्या दाराची भीती वाटते. त्या घरातून कधी चमचासुद्धा गेला नाही.

वाट होती दत्तूची. गुरुदत्त कर्णिक, बेळगावला ट्रेनिंग घेऊन लेफ्टनंट झालेला, चव्वेचाळीस सालच्या डिसेंबरात ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर बेपत्ता. तार आली तेव्हा शेजारपाजारच्या बायका डोळ्यांना पदर लावून आल्या. दत्तूच्या आईने, माईंनी, त्यांना ओसरीवरच थोपवलं.

"मेला असं लिहिलंय कुठे? दाखवा बरं. नाही ना? मग रडायला कशाला आलात? चहा घ्या नि जा."

माईंना नवरा नव्हता. तो जाऊन वर्षं लोटली होती. मुलं दोनच, दत्तू आणि त्याच्यापेक्षा लहान उत्तरा. ही गोष्ट उत्तराची आहे, पण दत्तूला ओलांडून तिच्यापर्यंत जाता येत नाही. तिला स्वतःलाही कधी जाता आलं नाही.

लढाई संपली आणि शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात साताऱ्याकडचा एक शिपाई पत्ता विचारत घरी आला. दगडू त्याचं नाव. त्या होडीत तो होता. पाटावर अवघडून बसला, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून राहिला, प्यायला मात्र नाही.

"मायू नदीच्या तोंडाशी एक खाडी हाय, माय. तिच्यातनं रातचं पल्याड जायाचं हुतं. सात जण हुतो. मधीच ओहोटी लागली नि होडी टेकली. आमी घाबरलो. सायेब हसले. म्हनले, 'घाबरता कशाला रे? मी खाडीवरचाच आहे. उतरतो, ढकलतो, निघेल.' आन् मारली उडी."

"मारणारच!" माईंचे डोळे चमकले. "इथे रेतीबंदराला हेच करायचा. ओहोटीत कोणाची होडी अडकली की पहिली उडी आमच्या दत्तूची. मग?"

"मंग... कमरंपत्तुर गेले. तरी हसतच हुते. पल्याडनं गोळ्या सुरू झाल्या. अंधार. आमी हाका मारल्या. सायेब 'ओ' देत हुते. मंग भरती आली, आन् होडी आपसूक सुटली." दगडू तांब्याकडे बघत राहिला. "ढकलायची गरजच नव्हती, माय. थांबलो असतो तरी सुटली असती."

"भरती आली ना? म्हणजे त्याला पोहायला पाणी मिळालं." माईंनी मांडीवर थाप मारली. "गांधारीपासून दुर्गाडीपर्यंत एका दमात जायचा तो. पल्याडच्या काठाला लागला असणार. कुठलं गाव आहे तिथे?"

दगडूला गाव ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर माई उत्तराकडे वळल्या. "उत्तरे, तू शीक. ते गाव कुठलं, तिथून यायला वाट कुठली, सगळं शीक. या घरात कोणाला तरी कळायला हवं, माझा मुलगा कुठे आहे ते."

मुली तेव्हा कॉलेजात गेल्याच तर मराठी घेत, नाहीतर संस्कृत. उत्तराने भूगोल घेतला. डोंबिवलीला राहणारे चुलतभाऊ, ज्यांना सगळेच भाऊ म्हणत, ठाण्याच्या कचेरीत कामाला होते. दर रविवारी मासळी खायला यायचे आणि जेवता जेवता उत्तराची फिरकी घ्यायचे.

"भूगोलाची पदवी घेऊन पोस्टमनच होणार ना गं?"

"भाऊदादा, पोस्टमनला पत्ता लिहून मिळतो."

"आणि तुला?"

"मला लिहायचाय," उत्तरा म्हणाली, आणि भाऊंच्या हातातला घास तिथेच थांबला.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजातल्या नकाशांच्या खोलीत प्राध्यापकांनी तिला आराकानच्या किनाऱ्याचा मोठा नकाशा काढून दिला. मायू नदीचं मुख तिला लगेच सापडलं. खाडीही सापडली, निळ्या रंगाची, केसासारखी. पण तिच्या दोन्ही काठांना बारीक बारीक ठिपके होते, मुंग्यांची वारुळं फुटावीत तसे. त्या ठिपक्यांचा अर्थ नकाशाच्या कोपऱ्यात दिला होता. चिखल. काठाला चिखल, मधे चिखल, ओहोटीला पाणी उतरलं की नुसताच चिखल, आणि त्याच्या मागे मैलोगणती खाऱ्या पाण्यातल्या तिवरांचं रान. रेतीचा ठिपका औषधालाही नव्हता.

उत्तरा त्या नकाशावर वाकलेली होती आणि तिच्या पाठीमागे कोणीतरी हसलं. ओळखीचं हसू. त्यामागे ओल्या बुटांतून पाणी पिचकावं तसा आवाज. तिने वळून पाहिलं. नकाशांच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

दत्तूदादाने कल्याणच्या खाडीत उडी मारली होती. फक्त ती खाडी कल्याणची नव्हती.

घरी आली तर माई दारातच. "सापडलं?"

नकाशावर एक गाव होतं, रानाच्या पलीकडे, उंचवट्यावर. "गाव आहे, माई," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पण माईंना तेवढं पुरलं. त्या दिवसापासून त्यांनी ते गाव वसवायला घेतलं. आधी चार झोपड्या. मग एक म्हातारी, जिने दत्तूला काठावरून उचललं. मग तिचा भात, तिची बकरी. "ताप आला असेल, म्हणून नाव आठवत नसेल त्याला," माई भाजी निवडता निवडता सांगत. "म्हातारी त्याला काय हाक मारत असेल गं?" वर्षं सरत गेली तसं ते गाव इतकं भरलं, की उत्तराला कधी कधी त्यातला धूर नाकात जाणवायचा. आपल्या दोन शब्दांवर उभं राहिलेलं गाव. ते पाडायचं कसं?

पदवी मिळाल्यावर तिने नोकरी धरली ती शहाडच्या बाजूच्या छावणीतल्या शाळेत. लढाईत तिथे पलटणी उतरायच्या. दत्तू आराकानला निघाला तोही तिथूनच, घरी येऊन भरल्या वांग्यांवर ताव मारून. आता त्या बराकींत सिंधी निर्वासितांची कुटुंबं राहत, आणि एका लांबलचक बराकीत शाळा भरे. वर्गातली पोरं नकाशा पाहिला की एकच गोष्ट मागत. "बाई, शिकारपूर दाखवा." "बाई, आमचं लारकाना?" उत्तरा दाखवायची. मग कोणीतरी विचारायचं, "इथून तिथे जायची वाट आहे ना?" नकाशावर वाट होती. उत्तरा हो म्हणायची. पाठीमागे फळ्याजवळ कोणीतरी हलकेच हसायचं, आणि बुटांत पाणी पिचकायचं.

लग्नाचा विषय निघाला की माई म्हणत, "दत्तू आल्याशिवाय? बहिणीच्या लग्नात भाऊ नको?" विषय तिथेच संपे. उत्तराची तिशी जवळ आली.

छप्पन साली एका रविवारी भाऊ वर्तमानपत्राची घडी नाचवतच आले.

"घ्या! तुमच्या भूगोलाला गिऱ्हाईक मिळालं. पुण्याजवळ लष्कराची नवी अकॅडमी निघालीय ना, तिथे भूगोल शिकवायला माणसं हवीत. पदवीधर. राहायला जागासुद्धा देतात."

"लष्कराला भूगोल कशाला?" माईंनी विचारलं.

"तेच तर! मी म्हणतो, ज्याला भूगोल येतो तो मास्तर होतो, ज्याला येत नाही तो कॅप्टन होतो." भाऊ स्वतःच हसले. कोणी हसलं नाही हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "माई, एक बोलू? दत्तूला आता बारा वर्षं होतील. शास्त्र सांगतं, बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. त्याचाही जीव सुटतो नि..."

"नि तुमचाही!" माई ताडकन उभ्या राहिल्या. "जिवंत माणसाचा पुतळा जाळता? आधी ते सुरमईचं डोकं खाली ठेवा, भाऊ, आणि उठा. उठा म्हणते ना!"

भाऊ हात न धुताच गेले. उत्तराने जाहिरात कापून ठेवली आणि अर्ज पाठवला. का पाठवला हे तिला नीट सांगता आलं नसतं. पोरांच्या त्या प्रश्नाला 'हो' म्हणून म्हणून ती थकली होती, एवढंच.

अकॅडमीच्या कचेरीबाहेर बाकावर ती एकटीच बाई होती. पट्टेवाला आतून आला, तिच्याकडे बघून अदबीने म्हणाला, "बाई, कर्णिक म्हणजे तुमचे बंधू ना? कुठं गेलेत? बोलवा त्यांना, नंबर आलाय."

उत्तरा उठून उभी राहिली. "ते येणार नाहीत," ती म्हणाली. "मीच आहे."

आत तिघे बसले होते. मधल्या कर्नलसाहेबांच्या मिशा पिकलेल्या, बोलणं इंग्रजी आणि सरळ. "मिस कर्णिक, नकाशा वाचायला आमचा हवालदार शिकवतो. उत्तम शिकवतो. होकायंत्रही तोच शिकवतो. मग भूगोलाच्या पदवीचं इथे काय काम? तुम्ही या मुलांना असं काय देणार, जे तो देऊ शकत नाही?"

उत्तराने पाठ केलेलं उत्तर काढलं. पर्वत, पर्जन्य, सीमा, दळणवळण. कर्नलसाहेब ऐकत होते, पण त्यांचं बोट टेबलावर ताल धरत होतं. आणि तेवढ्यात तिच्या खुर्चीमागे बूट पिचकले. इथेसुद्धा. इतक्या लांब. तिचं वाक्य मधेच तुटलं.

"काय झालं?"

"साहेब, माझ्या गावाला खाडी आहे," ती म्हणाली. आपण काय बोलतो आहोत हे तिला बोलतानाच कळत होतं. "तिच्या तळाला रेती आहे. ओहोटीत होडी टेकली, तर आमची मुलं उडी मारतात आणि ढकलतात. गुडघाभर पाणी, पायाखाली घट्ट. लहानपणापासूनची सवय. त्यांतला एक मुलगा लष्करात गेला. त्याला नकाशा वाचता येत होता. हवालदारानेच शिकवला असेल, चांगलाच शिकवला असेल. नकाशावर खाडी दिसली, त्याने ओळखली. होडी टेकली, तेव्हा म्हणाला, मी खाडीवरचाच आहे. आणि उतरला. तिथे रेती नव्हती."

टेबलावरचं बोट थांबलं.

"तुमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा आपलं गाव बरोबर घेऊन येणार. कोणी वाळूतला, कोणी डोंगरातला. नदी दिसली की त्याला स्वतःची नदी आठवणार. ही तुझी नदी नाही, उतरण्याआधी तळ कसला आहे ते विचार, एवढं मी शिकवीन. पदवीची किंमत विचाराल, तर माझ्याकडे एवढीच आहे."

"किती जण होते होडीत?" कर्नलसाहेबांनी हळू विचारलं.

"सात. उतरला एकच."

त्यांनी पेनाला टोपण घातलं.

बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, बारा वर्षांत हे आपण पहिल्यांदाच तोंडाने बोललो, आणि तेही परक्यांसमोर. ती दोन पावलं चालली, थांबली, कान दिला. मागे काहीच नव्हतं.

"दादा?" ती पुटपुटली. पट्टेवाला वळून बघायला लागला.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा माईंनी देवापुढे साखर ठेवली. "जा हो तू. खुशाल जा. त्याच्यासारख्याच पोरांना शिकवायचंय ना? चांगलं काम आहे."

"आणि तू?"

"मी इथे. दार कोण राखणार?"

"एकटी राहणार, माई?"

"एकटी कशी? तो येईल ना."

ते ऐकून उत्तराला पुढचं सगळं दिसलं. आपण गेल्यावर या घरात माई आणि ते गाव, दोघंच उरतील. ती म्हातारी, तिची बकरी, आणि मधे न लावलेली कडी. नोकरी सोडून द्यावी, तर आणखी बारा वर्षं दोघी त्या दाराशी बसतील. घ्यावी, तर माईंना त्या धुरात एकटं टाकून जावं लागेल. तिसरी वाट एकच होती, आणि ती चिखलातून जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथी कोळीण टोपली घेऊन ओसरीवर आली. "बाय, निवटे हायत आज. जिते हायत बग, उड्या मारतान."

"भागीरथी," उत्तरा म्हणाली, "तुमची होडी आज ओहोटीला आम्हाला खाली नेईल का? दुर्गाडीच्या खाली, डोंबिवलीच्या अंगाला, जिथे चिखलात हे मासे, निवटे, धरतेस तिथे. माईंना दाखवायचंय."

"चिखलान? त्या म्हाताऱ्या बायला?" भागीरथीने हनुवटीला बोट लावलं. "तिथं काय देऊल हाय व्हय?"

माई मात्र लगेच तयार झाल्या. दत्तू गेल्यापासून त्या होडीत बसल्या नव्हत्या. भागीरथीही बरोबर निघाली, आणि तिचा नवरा गुणाजी होडी काढायला आला. रेतीबंदराजवळून जाताना माई बोट दाखवत होत्या. "इथून उडी मारायचा. या इथून."

"गुणाजी, जरा थांबवा," उत्तरा म्हणाली. तिने गुणाजीचा लांब बांबू घेतला आणि पाण्यात सोडला. हातभर आत जाऊन तो खट्कन टेकला. "माई, धर. दाबून बघ."

माईंनी दाबलं. बांबू हलला नाही. "रेतीच आहे. त्यात काय?"

होडी खाली गेली. दुर्गाडी मागे राहिली, काठाला तिवरांचं रान सुरू झालं, आणि पाणी उतरत उतरत एक चिंचोळी पट्टी उरली. दोन्ही बाजूंना राखाडी, चकचकीत, सपाट चिखल. त्यावर निवटे इकडून तिकडे सरपटत होते. वारा पडला होता. गुणाजीने होडी चिखलाच्या कडेला लावली.

"आता इथे," उत्तरा म्हणाली, आणि बांबू पुन्हा माईंच्या हातात दिला.

माईंनी तो रोवला. बांबू गेला. हातभर गेला, दोन हात गेला, माई पुढे वाकल्या तसा आणखी गेला, जणू खालून कोणी ओढून घेत होतं. "उत्तरे, हे टेकत का नाही?"

"इथे रेती नाही, माई."

"मग काढ ना." माईंनी ओढलं. बांबू हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, होडी कलंडली, गुणाजी "बाय, सोड, सोड!" म्हणून ओरडला. माई सोडेनात. भागीरथीने मागून त्यांची कंबर धरली.

"दादा उतरला ती खाडी अशी होती," उत्तरा म्हणाली. तिचाच आवाज तिला दुरून ऐकू आला. "मी नकाशात पाहिलंय, कॉलेजात असताना. सगळी अशी. रेती कुठेच नव्हती."

"त्याला पोहता येत होतं!"

"पोहायला हातपाय मोकळे लागतात गं."

"भरती आली होती. दगडू म्हणाला, भरती..."

"हो, माई. भरती आली. तो उभा होता तिथेच आली."

माईंचे हात बांबूवरून सुटले. बांबू तसाच उभा राहिला, थोडा कलता. निवट्यांची चटचट तेवढी ऐकू येत होती.

"आणि गाव?" शेवटी माईंनी विचारलं. "तू म्हणालीस, गाव आहे."

"आहे. पण रानाच्या पार पलीकडे. तिथून कोणाला हाक ऐकू आली नसती."

माईंनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग भागीरथीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या म्हातारीला मी बकरीसुद्धा दिली होती गं." भागीरथीला काही कळलं नाही. तिने आपल्या पदराने माईंचे चिखलाचे हात पुसले.

परतताना भरती लागली होती. उत्तराने मागे पाहिलं. बांबूचं फक्त टोक दिसत होतं. मग तेही दिसेना.

पौषात खाडीच्या घाटावर विधी झाला. तीनशेसाठ पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. पुतळा भाऊंनी बांधायला घेतला, पण नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो भटजींच्या हातात दिला. बायका घाटावर येत नाहीत. माई आल्या, उत्तराला घेऊन आल्या, आणि पुतळ्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. भटजींनी संकल्प सोडायला घेतला. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, असं आपण कुठे उभे आहोत ते सांगत सांगत ते गेलेल्या माणसापाशी आले. गुरुदत्त, अमुक गोत्र, अज्ञात देशी...

"थांबा," माई म्हणाल्या.

भटजींनी पळी वरच धरली.

"अज्ञात म्हणू नका. माझ्या मुलीला ठाऊक आहे."

भटजी भाऊंकडे बघायला लागले, भाऊ उत्तराकडे. उत्तराला वाटलं, आता मागे कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. ती पुढे झाली आणि स्पष्ट आवाजात सांगितलं. "आराकान देश. मायू नदीच्या मुखाजवळची खाडी. तिचा तळ. चिखल."

भटजींनी तसंच म्हटलं. शेवटचा शब्द संस्कृतात काय म्हणावा म्हणून ते क्षणभर अडले, मग मराठीतच म्हणाले. पळीतलं पाणी सुटलं. पळसाची पानं ओलसर होती, पेटायला वेळ लागला.

आठवड्याने दोघी पुण्याला निघाल्या. ट्रंका टांग्यात चढल्या. माईंनी दार ओढून घेतलं आणि कडी घालायला गेल्या, तर कडी गंजून जागच्या जागी बसलेली. त्यांनी आतून खोबरेल आणलं, बोटाने लावलं, पुढेमागे करत राहिल्या. शेवटी ती किरकिरत सरकली. वर कुलूप घातलं. भागीरथी टोपली खाली ठेवून बघत उभी होती. माईंनी किल्ली तिच्या हातात दिली.

"कोणी विचारलं तर..."

"कोन इचारल गो बाय?"

माई कुलपाकडे बघत राहिल्या. टांगेवाला खाकरला. उत्तराने हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तरी तुझ्याकडे असू दे."

भरतीची वेळ होती. खाडीचं पाणी रेतीबंदराच्या पायऱ्या चढत होतं, एक एक करून.